थांबणारी गल्ली

रंगमंचावर ज्या वाक्यांना मला टाळ्या पडल्या, त्यांतली बरीचशी माझ्याआधी एका माणसाने विंगेत हळूच म्हटलेली असायची. कंपनीत सगळे त्यांना कुजबुजमास्तर म्हणत. नट वाक्य विसरला की पडद्याआडून त्याला ते पुरवायचं, एवढंच त्यांचं काम. विंगेत एक बुटकं स्टूल, मांडीवर नाटकाची वही, वर कागदाची टोपी घातलेला मिणमिणता दिवा आणि त्या उजेडात दिसणारं त्यांचं नाक. प्रेक्षकांना मास्तर कधी दिसले नाहीत. आम्हाला मात्र ते नाक दिसलं की जीव भांड्यात पडायचा.

त्यांच्या आवाजाचं मला आजही नवल वाटतं. भरल्या थिएटरात तो आवाज एकाच कानापर्यंत जायचा. माझ्यासाठी टाकलेला शब्द माझ्या शेजारी उभ्या नटाला ऐकू यायचा नाही, मग पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाची काय कथा! आणि द्यायचे ते फक्त पहिला शब्द. "पहिला शब्द माझा, पुढचा संसार तुमचा," असं म्हणायचे. नटाला ताप आला तरी प्रयोग व्हायचा; मास्तरांना शिंक आली की मॅनेजरच्या पोटात गोळा यायचा. हिवाळ्यात सगळी कंपनी त्यांच्यामागे मफलर घेऊन धावायची. आमचा नायक एकदा सिंहासनावर बसल्या बसल्या चक्क डुलकी काढत होता. मास्तरांनी त्याला विंगेतून वाक्य दिलं नाही, त्याच्या सासूचं नाव घेतलं. नायक ताडकन उभा राहिला आणि त्या उठण्यालाही टाळी पडली.

मास्तरांची बायको कंपनीतच कपड्यांना बटणं लावायची. एकच मुलगी. ती पेटाऱ्यावर झोपून मोठी झाली, शिकली, आणि आई गेल्यावर बापाला घेऊन एका लहान गावात राहू लागली. कंपनी बंद पडली होती. मास्तर तिथल्या वाचनालयात जाऊन बसायचे, संध्याकाळी ओळखीपाळखीच्या लोकांशी गप्पा छाटायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग एका सकाळी त्यांना झटका आला.

उजवा हात जरा ढिला झाला, पाय थोडा ओढला जाऊ लागला. ते दोन्ही बऱ्यापैकी सावरलं. वाचा मात्र अडकली. समजायचं सगळं. आपल्याला काय म्हणायचंय हेही पक्कं ठाऊक असायचं. पण शब्द बाहेर यायला वेळ लागायचा, कधी कधी फार वेळ. ज्या माणसाच्या डोक्यात अख्खीच्या अख्खी नाटकं उभी होती, त्याला पाणी मागायला घाम फुटायचा. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा मी बाहेर येऊन जिन्यात रडले. आत रडले असते तर ते म्हणाले असते, म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला असता, की बाई, हे वाक्य संहितेत नाही.

त्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी एक डॉक्टरीण होती. वयाने लहान, पण जिभेला धार. तिने मुलीला बजावलं, "एक गोष्ट लक्षात ठेवा. शब्द त्यांच्या तोंडात घालायचे नाहीत. ते शोधतात तेव्हाच त्यांची वाट मोकळी होते. आयते दिलेत तर ते शोधायचं थांबवतील, आणि एकदा थांबले की परत बोलतं करणं फार अवघड. माणसांत ठेवा त्यांना. पण थांबणाऱ्या माणसांत."

आणि नेमकी त्याच सुमारास मुलीची बदली झाली, मोठ्या शहरात. ना ओळखीचं तिथे कुणी, ना पाळखीचं. ती दिवसभर कामावर असणार, मास्तर एकटे. घराबाहेर पडतील तेव्हा त्यांना जी वस्ती भेटेल, तीच त्यांची शाळा, तेच त्यांचं औषध. वस्ती चुकली तर मास्तर मुके होणार, इतकं ते सरळ होतं. मुलीने मला फोन केला. "मावशी, तू चल. तू जन्मभर नवनवीन गावं बघितलीस, गावात पाऊल टाकताच सांगायचीस ना की इथे प्रयोग पडणार म्हणून?"

"अगं, ते मी मॅनेजरला छळायला सांगायचे," मी म्हटलं. पण गेले.

पहिली वस्ती मुलीच्या कार्यालयाजवळची. उंचच उंच इमारती, काचेची दारं. मान वर करून बघताना माझ्या अंबाड्यातला आकडा निसटला. दाराशी एक यंत्र होतं. त्याच्यासमोर उभं राहून कुणाकडे जायचंय ते सांगायचं, मग दार उघडायचं. मास्तर यंत्रासमोर उभे राहिले. त्यांचा पहिला शब्द ओठांवर येईपर्यंत यंत्राने 'पुन्हा प्रयत्न करा' असं दोनदा ऐकवलं आणि दिवा विझवून टाकला. मागे रांग लागली होती. मास्तरांनी यंत्राला वाकून नमस्कार केला आणि ते बाहेर आले. मुलगी हसली, मीही हसले. ती वस्ती तिथेच बाद झाली.

दुसऱ्या वस्तीने मात्र आमचं मनच जिंकलं. मध्ये बाग, भोवती बैठी घरं, झाडाखाली बाकडी, हाकेच्या अंतरावर दवाखाना. घर दाखवणारा दलाल तर इतका गोड, की त्याच्या बोलण्याला मुंग्या लागाव्यात. "आजोबांना इथे काऽही कमी पडणार नाही. इथली माणसं म्हणजे देवमाणसं."

आणि खोटं नव्हतं ते. मास्तर कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले, आम्ही पायरीवर उभ्या राहिलो. मास्तर म्हणाले, "मला... ते..."

दुकानदारीण लगेच पुढे झुकली. "काय हवंय आजोबा? बिस्किटं? चहाची पूड?"

मास्तरांनी मान हलवली. शब्द शोधायला त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "साबण हवा असेल त्यांना." दुसरं म्हणालं, "अहो, औषधाची गोळी विचारत असतील. आजोबा, डोकं दुखतंय का?" एक बाई तर धावत जाऊन पाणीच घेऊन आली. दुकानदारीण एकेक वस्तू उचलून त्यांच्यासमोर धरू लागली, लहान मुलाला खेळणी दाखवावीत तशी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर माया ओसंडून वाहत होती. मास्तरांचे ओठ उघडत आणि कुणाच्या तरी शब्दाखाली मिटत. कपाळावर घाम आला. शेवटी दुकानदारणीने साबण वर धरला तेव्हा त्यांनी थकून मान डोलावली. सगळ्यांना केवढा आनंद झाला!

मास्तर साबण घेऊन बाहेर आले. त्यांना काय हवं होतं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

पण त्या वेळी हे आमच्या ध्यानात आलं नाही. मुलीचे डोळे भरून आले होते. "बघितलंस मावशी? किती प्रेमाने वागले. माझा जीव थाऱ्यावर आला."

"सोन्यासारखी माणसं आहेत," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

दलालाला आणखी दोन घरं दाखवायची होती. त्यातल्या एका घरची मालकीण दारात भेटली. तिने मास्तरांना विचारलं, "कसं वाटलं घर?" मास्तर थांबले. मी त्यांच्या डाव्या खांद्याआड अर्धं पाऊल मागे उभी होते, आणि माझ्यातली नटी जागी झाली. समोर शांतता पसरली की आम्हा रंगमंचावरच्या माणसांच्या अंगावर काटा येतो. ती शांतता कुणीतरी भरलीच पाहिजे असं रक्तच सांगतं. मी ओठ न हलवता, फक्त त्यांच्याच कानाला जाईल असं कुजबुजले, "ऐसपैस..."

मास्तर म्हणाले, "ऐसपैस." पुढे काहीच नाही. माझ्याच सुरात, माझ्याच हेलात. मालकीण खूश झाली. मलाही वाटलं, वा, इतकी वर्षं या माणसाने मला शब्द पुरवले, आज मी एक परत केला.

बाहेर आल्यावर मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाक्य चुकलेल्या नटीकडे बघावं तसंही नाही. स्टेशनात चुकीच्या गाडीत बसल्याचं कळल्यावर माणूस खिडकीतून फलाटाकडे बघतो ना, तसं. मग ते बागेतल्या बाकड्यावर जाऊन बसले. मुलगी विचारत होती, "बाबा, हे आवडलं ना? हेच घेऊ या ना?" त्यांनी मान डोलावली. साबणाला डोलावली होती तशीच.

तेव्हा मला उमगलं. मास्तर प्रयत्न सोडायला लागले होते. आणि आम्ही त्यांना अशा ठिकाणी आणायला निघालो होतो, जिथे प्रत्येक दारात एक प्रेमळ प्रॉम्प्टर उभा होता.

मुलीला हे सांगायचं कसं? दलाल म्हणत होता, संध्याकाळपर्यंत होकार द्या, घराला मागणी आहे. मुलीला चार दिवसांत कामावर रुजू व्हायचं होतं. आम्ही दलालाच्या कार्यालयाकडे चालत निघालो. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी म्हणाली, "काय गं, बाबांची लागण झाली का तुला?"

"गुडघे दुखतायत," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

जवळचा रस्ता म्हणून आम्ही एका गल्लीत वळलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यांच्यावर राहती घरं. वर वाळत घातलेले कपडे, खाली ठाकठूक. एका दुकानापुढे जुन्या खुर्च्या, कोच आणि स्टुलं मांडून ठेवली होती. मी त्यातली एक ऐटबाज खुर्ची बघितली आणि राणीच्या थाटात तिच्यावर बसायला गेले.

"हं! हं! हंऽऽ!" आतून आवाज आला.

खुर्च्या मढवणारा कारागीर हातातला हातोडा हलवत होता. तोंडात बारीक खिळे धरलेले, ओठांतून टोकं डोकावणारी, जणू साळिंदराची मिशी. बोलता येत नव्हतं. त्याने हाताने दाखवलं, ही नको, हिच्या पोटात काही नाही, पडाल. मग दुसरी दाखवली. मी बसले.

"एवढ्या थाटात पडले असते तर प्रयोग गाजला असता हो," मी म्हटलं.

तो खिळ्यांआडून हसला. एक खिळा निसटला, तो त्याने हवेतच झेलला. आणि पुन्हा कोचाच्या पाठीवर कापड ताणून ठोकू लागला.

मास्तर त्याच्या हाताकडे बघत उभे होते. खिळा जिभेने पुढे, बोटांनी कापडावर, हातोडा, पुढचा खिळा. मग मास्तर एक पाऊल पुढे झाले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. "इथे..." ते म्हणाले.

कारागिराने मान वर केली. हातोडा खाली ठेवला. बोलू तर शकत नव्हताच. बघत राहिला.

"इथे..." मास्तर पुन्हा म्हणाले, आणि थांबले.

मला ठाऊक होतं पुढे काय. खोली. इथे खोली मिळेल का, हेच विचारायचंय त्यांना. शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मी माझा पदर तोंडात कोंबला, खरंच कोंबला. मुलगी पुढे व्हायला गेली तर मी तिचं मनगट धरलं. "मावशी, सोड, ते दमतायत." "गप," मी म्हटलं.

कारागिराने आता खिळे एकेक करून तळहातावर काढून घेतले. म्हणजे आता तो बोलू शकत होता. आता हा विचारणार, काय हवंय, कुणाचं घर शोधताय, कोच मढवायचाय का. तो बोलला नाही. तळहातावर खिळे घेऊन, डोकं जरासं कलतं करून, शिंप्याने माप सांगणाऱ्याकडे बघावं तसं बघत राहिला. एक बाई उशी बगलेत मारून आली होती. तिने पाहिलं की इथे कुणाचं तरी बोलणं चाललंय, आणि ती भिंतीला टेकली. मागून हातगाडीवाला आला. मास्तर गल्लीच्या मधोमध उभे. त्याने गाडी थांबवली, दांड्यावर कोपर टेकलं. कुणीही हळहळलं नाही. कुणी मदतीला धावलं नाही. त्या गल्लीत माणूस बोलताना त्याचं बोलणं संपेपर्यंत लोक मध्ये पडत नसावेत, बस्स.

मास्तरांची नजर कुणावरच नव्हती. आणि मला एक रात्र आठवली. भर प्रवेशात मी गप्प झाले होते, विंगेकडून शब्द येईल म्हणून थांबले होते, आणि मास्तरांनी दिलाच नव्हता. मग ते वाक्य माझं मलाच सापडलं होतं, असं सापडलं होतं की समोर कुणी श्वास घेत नव्हतं. नंतर मी भांडायला गेले तर म्हणाले, "विसरलेला माणूस माझ्याकडे बघतो. शोधणारा कुणाकडेच बघत नाही. तुम्ही शोधत होतात. मी मध्ये कशाला लुडबुडू?"

गल्लीतलं ठोकणं, भांड्यांचा आवाज, कुणाचा रेडिओ, सगळं चालू होतं, आणि त्याच्या मधोमध ती शांतता उभी होती. मी मोठमोठी थिएटरं पाहिली, हजार माणसांना एकदम गप्प झालेलं पाहिलं. पण अशी शांतता पाहिली नव्हती. एक माणूस आत खोल, कुठल्या कुठे, एकेक दार ढकलत चालला होता आणि आम्ही सगळे बाहेर उभे होतो. मास्तरांच्या गळ्याची शीर हलली. हनुवटी थरथरली. ढिला उजवा हात हळूहळू वर आला.

"इथे," मास्तर म्हणाले, "डास... आहेत का?"

मी पदर तोंडातून काढला. डास! खोलीबिली काही नाही. माणूस राहायला येण्याच्या किती पुढे जाऊन पोचला होता, आणि मी त्याला उंबऱ्यावर ढकलायला निघाले होते!

कारागिराने गंभीरपणे विचार केला. "आहेत," तो म्हणाला. "पण खालच्या मजल्यावर. वरती वारा असतो, टिकत नाहीत."

"काय थापा मारतो," भिंतीला टेकलेली बाई म्हणाली. "मी वरतीच राहते. सोलून काढतात आजोबा, सोलून! जाळी लावा, मग या."

हातगाडीवाला म्हणाला, "झालं का? जाऊ का मी आता?"

मास्तर बाजूला झाले आणि त्यांनी त्याला हाताने वाट करून दिली. आणि हसले. झटका आल्यापासून ते हसू मी पहिल्यांदा पाहत होते.

मुलगी मटकन खाली बसली, नेमकी त्या पोट नसलेल्या खुर्चीत, आणि कमरेपर्यंत आत गेली. तिला बाहेर ओढून काढताना ती रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. "मावशी, किती महिन्यांनी त्यांनी काहीतरी विचारलं गं. मी रोज सांगते, बाबा, दूध हवं ना, बाबा, पंखा लावू ना. ते हो म्हणतात. मला वाटायचं, मला त्यांच्या मनातलं कळतं."

"मलाही आत्ता वाटत होतं की मला कळतं," मी म्हटलं.

मग तिच्यातली शहाणी मुलगी जागी झाली. इथे जिना आहे, धूळ आहे, दिवसभर ठाकठूक, बाग नाही, दवाखाना लांब. सगळं खरं होतं. तिने वडलांसमोर ते एकेक मांडलं आणि पहिल्यांदाच पुढे काही न बोलता थांबली. थांबणं तिला येत नव्हतं. हातातली पिशवी पिळत होती बिचारी. मास्तरांनी वेळ घेतला. बराच घेतला. म्हणाले, "तिकडे... मी... हो म्हणेन. फक्त... हो."

तिने तिथूनच दलालाला फोन करून नकार कळवला. तो फोनवर म्हणत होता, अहो ताई, असली माणसं शोधून सापडणार नाहीत. ती म्हणाली, "खरंय तुमचं. फार चांगली आहेत ती."

उशीवाल्या बाईच्या शेजारची जागा रिकामी होती. घेतली. जाळीही लावून घेतली.

मागच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. गल्लीत वळले तर मास्तर दुकानापुढे उभे, चेहरा लालबुंद. भांडण चाललं होतं. कारागिराने एका सुंदर जुन्या कोचावर भडक हिरवं कापड चढवलं होतं, आणि मास्तरांना ते सहन होत नव्हतं.

"तू..." मास्तर म्हणाले आणि अडकले.

कारागीर कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्याबद्दल काहीतरी अपमानकारक येणार हे त्याला पुरतं कळलेलं होतं. आत गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तरी तो जागचा हलला नाही. आपल्याला बोल लावायला समोरचा माणूस शब्द शोधतोय, आणि तो सापडेपर्यंत आपण भर उन्हात उभं राहायचं! कुठल्या मातीची असतात ही माणसं? मी गल्लीच्या तोंडाशीच थांबले, पुढे पाऊल टाकायची हिंमत होईना.

"तू... आंधळा... आहेस," मास्तर म्हणाले. वाक्य पुरं झालं.

"आणि तुम्ही खडूस आहात," कारागीर म्हणाला. "पुढे बोला."

मास्तरांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि ते पुढचा शब्द शोधू लागले.